दुरुस्ती आली होती, लावायची कोणी?

चलथाण हे सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातलं गाव. उधन्याहून जळगावच्या दिशेने निघालेली पॅसेंजर नियोल सोडून इथं थांबते आणि पुढे बारडोली, व्यारा, नवापूर करत खानदेशात शिरते. शेजारीच कडोदरा चौकडी. मुंबई-दिल्लीचा आणि सुरत-धुळे-नागपूरचा, असे दोन महामार्ग तिथं एकमेकांना छेदतात. गावात सहकारी साखर कारखाना, भोवती उसाची शेतं, आणि त्या शेतांना रेटत आलेल्या लूमच्या शेडी, डाइंग-प्रिंटिंगच्या मिली. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटापाण्यासाठी आलेली माणसं या पट्ट्यात इतकी की चहाच्या टपरीवर अहिराणी ऐकू आली तर कोणी मान वळवून बघत नाही.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘जबाबदारी’ हा विषय दिला, तेव्हा माझ्या मनात एक वाद बरेच दिवस घोळत होता. संगणकाच्या प्रणालीत एखादा सुरक्षादोष सापडतो. कंपनी त्यावर दुरुस्ती काढते. काही जण ती लावतात, बरेच जण लावत नाहीत. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, त्याच दोषातून कोणीतरी आत शिरतं, फायलींना कुलूप घालतं आणि खंडणी मागतं. मग दोष कुणाच्या माथी मारायचा? सदोष वस्तू विकणाऱ्याच्या, दुरुस्ती न लावणाऱ्याच्या, की दोष ठाऊक असून गप्प बसलेल्याच्या? पुण्या-बेंगळुरूच्या सभागृहांत यावर भरपूर बोलून झालं आहे. हा वाद जिथं जुने संगणक रोज सकाळी सुरू होतात आणि त्यांच्यावर माणसांची रोजी चालते तिथं जाऊन ऐकावा, म्हणून उसाचा हंगाम आटपत आला असताना मी चलथाणला गेलो.

काट्यावर

हायवेच्या कडेला एक खाजगी वजनकाटा. ट्रक प्लॅटफॉर्मवर चढतो, खालच्या लोड सेलवर भार येतो, केबिनमधल्या इंडिकेटरवर लाल आकडे हलतात आणि स्थिरावतात. इंडिकेटरमधून निघालेली वायर संगणकाच्या मागच्या सीरियल पोर्टात गेलेली. ऑपरेटर गाडीचा नंबर टाकतो, गाडी भरलेली की रिकामी ते निवडतो, बटण दाबतो आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरत पावती बाहेर काढतो. दोन वजनांतला फरक म्हणजे माल. त्या कागदाच्या चिटोऱ्यावर भाडं ठरतं, मालाचा हिशोब होतो, ड्रायव्हर आणि व्यापारी यांच्यातली भांडणंही त्यावरच मिटतात.

संगणकावर विंडोज 7 आहे. मायक्रोसॉफ्टने या आवृत्तीला मोफत सुरक्षा दुरुस्ती देणं 14 जानेवारी 2020 रोजी थांबवलं. ऑपरेटर मूळचा अमळनेरकडचा. त्याला ही तारीख माहीत नव्हती आणि माहीत असती तरी त्याच्या हातात काही नव्हतं. “हा डबा बसला की काटा बसला, सर. काटा बसला की बाहेर गाड्यांची लाईन,” तो म्हणाला. वजनाचा प्रोग्राम ज्याने लिहून दिला तो माणूस आता फोन उचलत नाही. नव्या विंडोजवर तो प्रोग्राम चालतो का, हे कुणी करून पाहिलेलं नाही. नव्या संगणकांना बहुधा तो जुना पोर्टच नसतो, वेगळी जोडणी घ्यावी लागते, आणि चालू काम मोडून बघायला कुणाला फुरसत नाही. मालकांनी आपली भूमिका गुजरातीत एका वाक्यात सांगितली: “चाले छे ने? तो चालवा दो.”

मला हे बोलणं अडाणीपणाचं वाटलं नाही. लोखंडी यंत्रांच्या बाबतीत ते पिढ्यानपिढ्या खरं ठरलेलं आहे. नीट चालणाऱ्या लूमला कुणी उगाच हात लावत नाही. आणि संगणक जोवर एकटा होता, तोवर त्यालाही ते लागू होतं. बाहेरून त्याच्यापर्यंत पोचायला वाटच नव्हती. आता त्याच केबिनमधून पावतीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, तिथूनच ई-वे बिल निघतं, काट्यावरच्या कॅमेऱ्यांचं चित्र मालकाच्या मोबाइलवर दिसतं, आणि काही अडलं तर दुरुस्तीवाला आपल्या दुकानात बसून एनीडेस्कवरून आत येतो. डबा तोच राहिला. त्याच्याभोवतीचं जग त्याला येऊन चिकटलं.

न दिसणारा दोष

विंडोजसारखी प्रणाली म्हणजे माणसांनी लिहिलेल्या कोट्यवधी ओळी. त्यात चुका राहतातच. बहुतेक चुकांनी फार तर प्रोग्राम अडकतो. काही चुका मात्र परक्याला आत घेतात. एक संगणक दुसऱ्याला निरोप पाठवतो, तेव्हा घेणारा आधी त्या निरोपाची लांबी मोजून तेवढी जागा राखतो. ही मोजणी चुकली आणि आलेला मजकूर राखलेल्या जागेबाहेर सांडला, तर शेजारच्या स्मृतीत पाठवणाऱ्याला हवं ते लिहिता येतं. नीट हिशोब करून पाठवलेला मजकूर तिथं आज्ञा बनून बसतो आणि यंत्र ती पाळतं. विंडोजच्या जुन्या फाइल-शेअरिंग यंत्रणेत, म्हणजे कार्यालयातले संगणक एकमेकांच्या फायली उघडतात त्या व्यवस्थेत, असाच मोजणीचा दोष होता. समोरच्याने काही क्लिक करण्याचीही गरज नव्हती. संगणक चालू आणि जाळ्यात असला की पुरे.

अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला हा दोष ठाऊक होता. दुरुस्त करायला सांगण्याऐवजी तिने तो हत्यार म्हणून जवळ ठेवला. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती आली 14 मार्च 2017 रोजी. बरोबर महिन्याने, 14 एप्रिलला, शॅडो ब्रोकर्स नावाच्या टोळीने एनएसएचं ते हत्यार उघड्यावर टाकलं. 12 मे रोजी त्यावर स्वार होऊन वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला आणि दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून जास्त संगणक त्याने कुलूपबंद केले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत 236 पैकी 80 ट्रस्टना फटका बसला. शस्त्रक्रिया आणि भेटीच्या वेळा रद्द झाल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणक अडकले, केरळातल्या काही पंचायतींचे अडकले, आणि गुजरात सरकारच्या जीस्वान जाळ्यावरच्या शंभरावर संगणकांना लागण झाल्याच्या बातम्या आल्या.

हल्ल्यानंतर दोनच दिवसांनी मायक्रोसॉफ्टचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांनी सरकारांवर उघड टीका केली: तुम्ही दोष साठवून ठेवता आणि ते चोरीला जातात. ही टीका रास्त होती. त्याच लिखाणात त्यांनी ग्राहकांनाही प्रणाली अद्ययावत ठेवण्याच्या जबाबदारीची आठवण करून दिली. जे वाचकांसमोर ठेवायला हवं ते असं, की 2014 मध्ये मुदत संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीची दुरुस्ती तोवर फक्त पैसे मोजून खास करार केलेल्या ग्राहकांना मिळत होती. जग पेटल्यावर कंपनीने ती सगळ्यांना खुली केली. म्हणजे ती तयार करणं शक्य होतं. द्यायची कुणाला, एवढाच प्रश्न होता.

तरीही एक गोष्ट कंपनीच्या बाजूने सांगावी लागते. वॉनाक्रायच्या तडाख्यात सापडलेले बहुतेक संगणक एक्सपीचे नव्हते, विंडोज 7 चे होते. विंडोज 7 ला तेव्हा दुरुस्ती मोफत मिळत होती आणि ती दोन महिने आधी आलेली होती. ती लावली का गेली नाही? याचं उत्तर मला कडोदऱ्याच्या एका गाळ्यात मिळालं.

‘अपडेट बंद करून दे’

दुकान दहा बाय बाराचं असेल. भिंतीला उघडे सीपीयू, टेबलावर सोल्डरिंग गन, कोपऱ्यात टोनर भरायच्या बाटल्या. मालक शहाद्याकडचा तरुण. आधी लूमवर होता, मग उधन्याच्या एका क्लासमध्ये हार्डवेअर शिकला. चलथाण ते पलसाण्यापर्यंतच्या कितीतरी ऑफिसांचे संगणक त्याच्या हातून गेले आहेत. नाव न छापण्याच्या अटीवर तो मोकळेपणाने बोलला.

“नवा पीसी दिला की शेठ पहिलं सांगतात, अपडेट बंद करून दे. ऐन कामात मशीन स्वतःहून रीस्टार्ट होतं. टॅलीत बिल चालू असतं, गाडी बाहेर उभी असते. कधी अपडेट झाल्यावर प्रिंटरच सापडत नाही. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असलं की दिवसाचा डेटा सकाळीच संपतो.”

आणि विंडोज अस्सल असतं का? तो जरा थांबला. “सर, पीसीच्या किमतीवर घासाघीस होते. त्यात विंडोजचे वेगळे पैसे सांगितले तर शेठ विचारतात, ते कशाचे? समोरचा तर फुकट टाकून देतो.” बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्सच्या 2018 च्या पाहणीत भारतात वापरलं जाणारं 56 टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना असल्याचा अंदाज होता. या आकड्यामागे अशीच हजारो दुकानं आहेत. कुलूप तोडून बसवलेल्या विंडोजवर अपडेट चालू ठेवलं तर तोडलेलं कुलूप उघडं पडण्याची धास्ती असते, म्हणून अपडेट कायमचं बंद. त्यानंतर आलेली प्रत्येक दुरुस्ती त्या संगणकाच्या दारावरून परत जाते.

मी त्याला 2017 ची आठवण करून दिली. त्याने मला 2024 ची करून दिली. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज यंत्रं निळा पडदा दाखवून बसली. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. “अपडेटनंच बसलं ना सगळं?” तो म्हणाला. याला माझ्याकडे चटकन देण्यासारखं उत्तर नव्हतं, कारण भीती खरी आहे. दुरुस्ती न लावण्यात उद्याचा धोका असतो आणि लावण्यात आजचा. ज्याचं पोट आजच्या गाड्यांवर आहे तो उद्याचा धोका पत्करतो.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तो निघताना बोलला. फॉरमॅट मारायचे, डेटा काढून द्यायचे पैसे मिळतात. सगळं ठीक आहे ना, हे महिन्याला येऊन बघायचे पैसे कुणी देत नाही. सांगून पाहिलं तर? “मग शेठ दुसऱ्याला बोलावतात.” या परिसरात संगणकांच्या सुरक्षेची प्रत्यक्ष राखण करणारा माणूस हाच आहे, आणि त्याला राखणीचे पैसे कुणीच देत नाही. सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या दोषांविषयीच्या सूचना नेमाने निघतात, पण इंग्रजीत आणि तंत्रज्ञांच्या भाषेत. त्या वाचण्याची सवय या गाळ्याला कधी लागलीच नाही. त्याने आपल्या परीने सावधगिरी म्हणून एक केलं आहे: ओळखीच्या ग्राहकांना तो दर शनिवारी टॅलीचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यायला लावतो आणि डिस्क काढून कपाटात ठेवायला सांगतो. खंडणीच्या हल्ल्यात ही एवढी गोष्ट धंदा वाचवू शकते.

यंत्राचं आयुष्य, प्रणालीचं आयुष्य

पलसाण्याच्या बाजूला एका युनिटमध्ये एम्ब्रॉयडरीची मशिनं बघितली. एका ओळीत डोकी, प्रत्येकावर सुयांचा झुबका, आणि टोकाला छोट्या पडद्याचा कंट्रोलर. पूर्वी डिझाइन फ्लॉपीवर यायचं. फ्लॉप्या मिळेनाशा झाल्यावर त्याच खाचेत पेन ड्राइव्ह घेणारा इम्युलेटर बसवला. डिझायनर पेन ड्राइव्ह देतो, ती चार युनिटं फिरते, चार संगणकांना लागते, परत डिझायनरकडे जाते. संगणक नेटवर नसला तरी लागण पोचायला ही वाट पुरेशी आहे.

डिजिटल प्रिंटिंगच्या मोठ्या मशिनांचं दुखणं आणखी खोल आहे. कापडावर छापायच्या चित्राचं शाईच्या थेंबांत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर एका ठरावीक विंडोजवर चालतं, त्याला डोंगल लागतो, आणि मशीन बसवणारा इंजिनियर जाताना बजावून जातो की या पीसीला हात लावायचा नाही, नाहीतर वॉरंटी आमची नाही. लोखंड, मोटारी, पट्टे पंधरा वर्षं सहज चालतात. आतली प्रणाली त्याआधी कितीतरी लवकर निवृत्त होते. विकताना हे कुणी सांगत नाही. मशिनचं कर्ज मात्र पूर्ण आयुष्य धरून दिलं जातं.

एटीएमचं उदाहरण इथं फार बोलकं आहे. एक्सपीची मुदत 8 एप्रिल 2014 ला संपली. आपल्या देशातली असंख्य एटीएम त्यानंतरही एक्सपीवर नोटा मोजत होती. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये बँकांना सावध केलं, हालचाल दिसेना तेव्हा 21 जून 2018 रोजी टप्पे आखून दिले: सप्टेंबर 2018 पर्यंत पाव, डिसेंबरपर्यंत निम्मी, आणि जून 2019 पर्यंत सगळी यंत्रं चालू मुदतीच्या प्रणालीवर हवीत. नोव्हेंबर 2018 मध्ये एटीएम चालवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने इशारा दिला की नव्या अटींचा खर्च बँकांनी उचलला नाही, तर मार्च 2019 पर्यंत 1 लाख 13 हजार एटीएम बंद करावी लागतील. यंत्र बनवणारा वेगळा, चालवणारा वेगळा, त्यावर नाव लावणारी बँक वेगळी. सुरक्षेबद्दल सगळ्यांचं एकमत होतं, बिल कुणी भरायचं यावर नव्हतं. अखेर नियामकाने तारीख घातली म्हणून काम हललं. माझ्या मते या साऱ्या विषयातला सर्वांत उपयोगी धडा हाच आहे.

तीनशे बँका

चलथाणसारख्या गावाचा पैसा सहकारी संस्थांतून फिरतो. ऊस कारखान्याला जातो, पैसे खात्यात येतात. दूध डेअरीला जातं, पैसे खात्यात येतात. म्हणून 31 जुलै 2024 ची घटना इथल्या माणसाने समजून घ्यायला हवी. त्या दिवशी देशातल्या सुमारे 300 लहान बँकांच्या खातेदारांचं यूपीआय आणि एटीएम थांबलं. त्यात गुजरातमधल्या जिल्हा सहकारी बँकाही होत्या. या बँकांवर थेट हल्ला झालेला नव्हता. त्यांना संगणकसेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेत खंडणीखोर शिरल्याचं कळताच, लागण पसरू नये म्हणून राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला मुख्य जाळ्यापासून तोडलं. सी-एज ही टाटा कन्सल्टन्सी आणि स्टेट बँक यांची संयुक्त कंपनी. दुसऱ्या दिवशी तपासणीनंतर जोडणी परत सुरू झाली.

क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीने नंतर जे मांडलं त्यानुसार, शिरकाव झाला तो सी-एजला सेवा देणाऱ्या आणखी एका कंपनीच्या जेंकिन्स सर्व्हरमधून. तो नीट बांधलेला नव्हता आणि त्यात एक माहीत असलेला दोष होता. जेंकिन्स हे प्रोग्रामरांचं रोजचं अवजार आहे, फुकट मिळतं, आणि त्या दोषावरची दुरुस्ती 24 जानेवारी 2024 रोजी जाहीर झाली होती. सहा महिने आधी.

आता जबाबदारीची साखळी मोजून बघा. जेंकिन्स बनवणाऱ्यांनी दुरुस्ती दिली होती. ती न लावणारी कंपनी खातेदाराला माहीतच नव्हती. तिच्याकडून सेवा घेणारी सी-एज. सी-एजकडून सेवा घेणारी बँक. आणि शेवटी बँकेच्या दारात उभा असलेला शेतकरी, ज्याला एवढंच कळलं की पैसे निघत नाहीत. त्याने कुणाला विचारायचं? बँकेलाच, कारण करार तिच्याशी आहे. बाहेरून सेवा घेतली म्हणून बँकेची जबाबदारी सरत नाही, हे रिझर्व्ह बँकेचं धोरण आहे आणि ते बरोबर आहे. पण चार माणसांची शाखा चालवणाऱ्या सहकारी बँकेला आपल्या पुरवठादाराच्या पुरवठादाराचा सर्व्हर तपासायला सांगणं म्हणजे कागदावर जबाबदारी टाकून मोकळं होणं आहे. ताकद वरच्या कडीत आहे. बंधनही तिथंच हवं.

एकाच कर्मचाऱ्याची चूक?

वरच्या कडीतल्या माणसांना खाली बोट दाखवणं फार सोपं जातं. अमेरिकेतली इक्विफॅक्स ही कंपनी लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवते. 2017 मध्ये तिच्या यंत्रणेतून सुमारे 14 कोटी 70 लाख लोकांची माहिती गेली. ज्या दोषातून गेली त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, 48 तासांत लावा असा ईमेलही कंपनीत फिरला होता. चोर मेमध्ये शिरले आणि जुलैअखेरपर्यंत आत राहिले. ऑक्टोबरमध्ये माजी प्रमुख रिचर्ड स्मिथ यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं, की दुरुस्ती लावायला ज्याने पुढे कळवायला हवं होतं त्या एका व्यक्तीने ते केलं नाही. चौदा कोटी लोकांची माहिती एका माणसाच्या एका निरोपावर लटकत ठेवली कुणी, हा प्रश्न त्या उत्तरात येत नाही. तडजोडीत कंपनीला 57 कोटी 50 लाख डॉलर तरी मोजावे लागले, ही त्यातली बरी गोष्ट.

काट्यावरचा ऑपरेटर आणि गाळ्यातला दुरुस्तीवाला यांच्याकडे बघताना मला ही साक्ष आठवत होती. काही बिघडलं तर पहिलं बोट त्यांच्याकडेच जाणार.

न्हावा शेवा

सुरतेच्या पट्ट्यातला निर्यातीचा माल हजिऱ्याहून किंवा न्हावा शेव्याहून जातो. 27 जून 2017 रोजी न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल, मर्स्क समूहाचं गेटवे टर्मिनल्स इंडिया, संगणकावाचून ठप्प झालं. कंटेनरांची दाटी होऊ नये म्हणून बंदराला वाहनांच्या थांब्याची जादा सोय करावी लागली. कारण होतं नॉटपेट्या हा हल्लेखोर प्रोग्राम, आणि त्याची सुरुवात युक्रेनमध्ये झाली होती.

हे प्रकरण मुद्दाम सांगतो, कारण ते माझ्याच बाजूच्या युक्तिवादाला अडचणीत आणतं. नॉटपेट्या पसरला तो युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हल्लेखोरांनी त्या छोट्या कंपनीचा सर्व्हर ताब्यात घेतला होता. ज्यांनी नेमाने अपडेट घेतलं त्यांच्याकडे विष आलं. आत शिरल्यावर त्याने एनएसएचा तोच जुना दोष वापरला आणि शिवाय संगणकाच्या स्मृतीतले पासवर्ड चोरले, त्यामुळे दुरुस्ती लावलेली यंत्रंही वाचली नाहीत. मर्स्कला दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले. अमेरिका आणि ब्रिटन यांनी 2018 च्या फेब्रुवारीत रशियाच्या सैन्याला जबाबदार धरलं. तेव्हा विमा कंपन्या पुढे आल्या: हे युद्धकृत्य आहे, आमच्या पॉलिसीत बसत नाही. मर्क या औषध कंपनीने त्याविरुद्ध न्यू जर्सीच्या न्यायालयात लढा दिला. मे 2023 मध्ये अपील न्यायालयानेही मर्कच्या बाजूने कौल दिला आणि जानेवारी 2024 मध्ये तडजोड झाली.

म्हणजे दुरुस्ती लावली की सगळं संपलं, असं नाही. पण यातून ‘मग कशाला लावायची’ असा अर्थ काढणं चूक आहे. बाकीचे मार्ग महाग असतात, त्यासाठी राज्यांची ताकद लागते. जुना, दुरुस्ती असलेला दोष वापरायला कुठलाही भुरटा पुरतो.

तारीख कोण घालणार

आज सॉफ्टवेअरच्या परवान्यात जवळजवळ सगळीकडे एकच भाषा असते: आहे त्या स्थितीत घ्या, नुकसान झालं तर आमची देणेदारी फार तर तुम्ही दिलेल्या किमतीएवढी. ‘मान्य आहे’वर टिचकी मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ब्रेक सदोष निघाले तर वाहन कंपनीला गाड्या परत बोलवाव्या लागतात. सॉफ्टवेअर उद्योगाला ही शिस्त आजवर लागली नाही.

ती लागू शकते, हे युरोपने दाखवलं आहे. तिथला सायबर रेझिलियन्स कायदा 10 डिसेंबर 2024 रोजी अंमलात आला. त्यानुसार संगणकीय भाग असलेली वस्तू विकणाऱ्याने तिच्या अपेक्षित वापराच्या काळात, साधारणपणे किमान पाच वर्षं, सुरक्षा दुरुस्त्या द्यायच्या आणि ही मुदत विकतानाच सांगायची. मुख्य बंधनं 11 डिसेंबर 2027 पासून लागू होतात. मोबदला न घेता, हौसेने सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना त्यातून वगळलं आहे, हे मला विशेष पटतं. 2021 च्या डिसेंबरमध्ये लॉगफोरजे नावाच्या छोट्या घटकातल्या दोषाने जग हादरलं, तेव्हा तो घटक मूठभर स्वयंसेवक सांभाळत होते आणि त्यावर धंदा करणाऱ्या कंपन्या अब्जावधी कमावत होत्या. कमावणाऱ्याने सांभाळावं. ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून घरगुती स्मार्ट वस्तूंना सगळ्यांना सारखा, सहज ओळखता येणारा पासवर्ड देऊन विकायला बंदी आहे.

त्या बंदीचं मोल आपल्याला राजकोटने शिकवलं. फेब्रुवारी 2025 मध्ये तिथल्या एका प्रसूती रुग्णालयात महिलांच्या तपासणीची सीसीटीव्ही दृश्यं इंटरनेटवर विकली जात असल्याचं उघड झालं. कॅमेऱ्यांना ‘अ‍ॅडमिन123’ असा पासवर्ड होता. पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीकडचे तरुण होते. रुग्णालयाने पासवर्ड बदलायला हवा होता, यात वाद नाही. पण असा पासवर्ड घालून कॅमेरा विकू का दिला? केंद्र सरकारने सीसीटीव्हीसाठी सुरक्षेच्या अटी घातल्या त्या 9 एप्रिल 2025 पासून लागू झाल्या. कॅमेऱ्याला अट लागते, तर प्रिंटिंग मशिनच्या पीसीला, काट्याच्या सॉफ्टवेअरला का नाही?

आपल्याकडचे बाकीचे कायदे वापरणाऱ्यावर येऊन थांबतात. सर्ट-इनच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार हल्ला झाल्याचं कळल्यापासून सहा तासांत कळवायचं. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या 2023 च्या कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तो माहिती बाळगणाऱ्याला. ज्याने दोष असलेली वस्तू विकली आणि चार वर्षांनी पाठ फिरवली, त्याला यात कुठं धरलेलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. दुरुस्ती उपलब्ध असताना जो मालक ती लावत नाही, आणि इतरांचा पैसा किंवा माहिती सांभाळतो, तो दोषी आहे. गाळ्यातल्या दुरुस्तीवाल्याने अपडेट बंद करताना ग्राहकाला त्याचा धोका सांगितला पाहिजे. पण दुरुस्ती मुळात मिळतच नसेल, किंवा ती लावली की मशीन बंद पडत असेल, तर दोष विकणाऱ्याचा आहे, आणि आज कायदा त्यालाच सोडून देतो. विंडोज 10 ची मोफत मुदतही 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. म्हणजे काट्यावरच्या त्या डब्यासारख्या संगणकांची संख्या वाढतच जाणार आहे.

दिल्लीत कायदा होईल तेव्हा होईल. तोवर चलथाणच्या, इचलकरंजीच्या, मालेगावच्या आणि भिवंडीच्या प्रत्येक कारखानदाराला माझी विनंती आहे. या दिवाळीत नवं मशीन, नवा काटा किंवा साधा कॅमेरा घेत असाल, तर कोटेशनवर दोन ओळी लिहून मागा: सुरक्षा दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत देणार, आणि ती लावायला कोण येणार. विक्रेता लिहून देत नसेल, तर दुसऱ्या विक्रेत्याकडे जा. आणि तुमच्या गावातल्या दुरुस्तीवाल्याला महिन्यातून एकदा बोलवा, काही बिघडलेलं नसतानाही, आणि त्याचे पैसे द्या.